बी.कॉम. ५२ टक्के, सहा वर्षांचा गॅप. कम्युनिकेशन थिअरीत एम.ए. होईल का?

धोट्याची_पोर

नमस्कार. मी सोलापूरची, पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळा मराठी. बी.कॉम. २०१९ ला झालं, ५२ टक्के. तेव्हापासून अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात आहे. चलन बनवायचं, पॅकिंग लिस्ट काढायची, ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडायचं.

प्रश्न दोन ओळींचा आहे, पण तो कुठून आला ते सांगितल्याशिवाय तुम्ही मला "पत्रकारिता कर" म्हणाल, म्हणून थोडं लांबण लावते.

आई विड्या वळते. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीणचे फॉर्म सुरू झाले. आधी उत्पन्नाचा दाखला लागेल म्हणाले. मग थोड्याच दिवसांत सरकारनं सांगितलं, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर दाखल्याची गरज नाही. ही बातमी रात्री आमच्या टीव्हीवर लागली. आईनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवून बघितली. मी वर मोबाईलवर वाचून दाखवली. कार्ड काढून दाखवलं, केशरी. आई "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दाखल्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. दोन दिवस. दोन दिवसांच्या विड्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी ब्रँचवर विड्या जमा करायला गेली. तिथं एक अक्का असते, आमच्या नात्यातली नाही, सगळ्यांचीच अक्का. ती कट्टे मोजता मोजता म्हणाली, "दाखला कशाला? केशरी कार्ड चालतंय की." आई घरी आली, चप्पल काढायच्या आधी मला सांगते, "अगं, दाखला लागत नाही म्हणे!"

मी तोंडाकडे बघतच राहिले. टीव्हीनं सांगितलं, पोटच्या पोरीनं सांगितलं, तरी ते कळलंच नव्हतं. अक्का म्हणाली तेव्हा कळलं.

हे डोक्यातून जाईना. डबा खाताना मोबाईलवर शोधत बसायचे, तेव्हा कळलं की याला नाव आहे, टू-स्टेप फ्लो. म्हणजे बातमी आधी थोड्या लोकांकडे जाते आणि त्यांच्या तोंडून बाकीच्यांकडे. १९४० साली अमेरिकेत लोकांनी हे मोजूनसुद्धा ठेवलंय. तेव्हापासून हेच शिकावं असं वाटतंय.

तर विचारायचं असं. कॉमर्सवाल्यांना घेतात का? ५२ टक्के पुरतात का? सहा वर्षांचा गॅप आडवा येतो का? इंग्रजी किती लागतं? मला ऑफिसची मेल लिहिता येते, त्यापलीकडे अवघड जातं. आणि मला अँकर व्हायचं नाही. बातमी वाचायची नाही, बातमी माणसाच्या डोक्यात कशी शिरते ते बघायचंय. असं शिकवणारा कोर्स कुठला?

घरी लग्नाचं बघायला लागलेत, त्यामुळे या वर्षी नाही तर नाहीच.

नवीपेठ_नाका

ताई, खरं सांगू का, थिअरी शिकून पोट भरत नाही. एक वर्षाचा डिप्लोमा करा, व्हिडिओ एडिटिंग शिका. गड्ड्याच्या यात्रेत एक रील चाललं की दुकानदार स्वतःहून फोन करतात. मी तेच करतो. रागावू नका.

गच्चीबावली_रिटर्न

नाक्यावरचा भाऊ खोटं बोलत नाही, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतोय. तिनं धंदा विचारलाच नाही.

मी होटगी रोडचा. बी.एस्सी. केमिस्ट्री. हैदराबाद विद्यापीठातून कम्युनिकेशनमध्ये एम.ए. केलं, आता आरोग्याच्या कामातल्या एका संस्थेत गावोगावी निरोप कसा पोचतो ते बघतो. तेव्हा एकेक घेतो.

शाखा. मास कम्युनिकेशन, मीडिया स्टडीज, कम्युनिकेशन या एम.ए.ना सहसा कुठल्याही शाखेची पदवी चालते. माझ्या वर्गात इंजिनिअर होते, एक फार्मसीवाली होती. तुझी पदवी तीन वर्षांची, म्हणजे एम.ए. दोन वर्षांचं. एक वर्षाचं एम.ए. ऐकलं असशील, ते नव्या धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीवाल्यांसाठी.

टक्के. बहुतेक ठिकाणी खुल्या प्रवर्गाला ५० आणि राखीवला सवलत अशी रेघ असते. पण ५२ हे शेवटच्या वर्षाचे की तिन्ही वर्षांचे मिळून? आधी हे बघ. आपल्याकडची माणसं टीवायचेच टक्के सांगतात आणि फॉर्मवर आपटतात. मार्कलिस्टवर ग्रेड पॉइंट असतील तर टक्केवारीचा दाखला विद्यापीठातून आत्ताच काढून ठेव. हा दाखला मात्र खरंच लागतो, अक्काला विचारलं तरी.

गॅप. केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा म्हणजे सीयूईटी पीजी, तिला वयाची अटच नाही. गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, ते स्टँपपेपरवर होतं. दुसऱ्या विद्यापीठात जाणार असशील तर स्थलांतर प्रमाणपत्र लागेल. राखीव प्रवर्गातून भरणार असशील तर केंद्राचा नॉन क्रीमी लेयर दाखला वेगळ्या नमुन्यात असतो, राज्याचा जोडला तर परत येतो. आमच्या बॅचच्या एका मुलाचं यातच एक वर्ष गेलं.

परीक्षा. ७५ प्रश्न, बरोबरला ४ गुण, चुकलं तर १ कापतात. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नसतो. आमच्या वेळी विद्यापीठ स्वतःची परीक्षा घ्यायचं. मी पहिल्यांदा दिली ती पेपर चाळून, सामान्य ज्ञान पाठ करून, आणि व्यवस्थित नापास झालो. दुसऱ्या वर्षी रोज एक इंग्रजी अग्रलेख घ्यायचो आणि त्याचं सार मराठीत चार ओळींत लिहायचो. इंग्रजीत नाही, मराठीत. त्यानं समजतंय की नुसतं वाचतोय ते लगेच उघडं पडतं.

इंग्रजी. शिकवणं इंग्रजीतच. पहिल्या सत्रात बारा पानांचा एक लेख वाचायला मला तीन दिवस लागले होते, मेसमध्ये बसून, पेन्सिलनं प्रत्येक ओळीखाली मराठी लिहीत. डिसेंबरपर्यंत तेवढाच लेख एका दुपारी व्हायला लागला. आणि तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी माझ्याकडे नव्हती. तू विद्यापीठाजवळच्या लिंगमपल्ली स्टेशनला उतरलीस की रिक्षावाल्याशी तेलुगूत बोलशील. मी दोन वर्षं "एंता", म्हणजे "किती", एवढ्यावर काढली. फील्डवर्कला बस्तीत जायचं म्हटलं की मी कुणाच्या तरी मागे चालायचो.

आता मुख्य प्रश्न, कुठला कोर्स. नाव बघून काही कळत नाही. अभ्यासक्रम डाउनलोड कर आणि पहिल्या दोन सत्रांचे पेपर मोज. रिपोर्टिंग, एडिटिंग, कॅमेरा, अँकरिंग हेच भरलेलं असेल तर तो पत्रकारितेचा कोर्स, पाटी काहीही असो. संज्ञापनाचे, म्हणजे कम्युनिकेशनचे, सिद्धांत, संशोधन पद्धती, प्रेक्षक अभ्यास आणि शेवटी लघुप्रबंध असेल तर तुझं काम होईल. पुण्याला विद्यापीठाच्या दोन वेगळ्या जागा आहेत हेही लक्षात घे. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट पत्रकारितेच्या परंपरेचं आणि कॅम्पसमधला विभाग वेगळा. लोक दोन्हीची गल्लत करतात. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत मीडिया आणि सांस्कृतिक अभ्यासाचं एम.ए. आहे, तिथं तर फिल्मही करायला लावतात.

थिअरी म्हणजे काय असेल याचा एक नमुना देतो. क्लॉड शॅनन बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत होता. १९४८ मध्ये त्यानं जो लेख लिहिला त्यात अर्थाबिर्थाची भानगडच नाही. तारेतून संदेश जातो, वाटेत गोंगाट मिसळतो, पलीकडे काय पोचतं? त्याचं एक उत्तर पुनरुक्ती. गोंगाट जास्त तर संदेशात फालतू वाटणारा भाग जास्त हवा, म्हणजे थोडा गळाला तरी बाकीच्यावरून कळतं. तू कारखान्यात आहेस. लूमच्या खडखडाटात मुकादम कसा बोलतो? "तीन नंबर, तीन, तीन, बीम संपला," आणि वर तीन बोटं. एकच गोष्ट चार वेळा. माझे आजोबा चादरीच्या मागावर होते, घरी जेवायला बसले तरी "मीठ दे, मीठ" असंच म्हणायचे. वर्गात सर फळ्यावर चौकोन आणि बाण काढत होते आणि मला आजोबांची तीन बोटं दिसत होती.

आणि तुझ्या अक्काबद्दल. लाझार्सफेल्ड नावाचा समाजशास्त्रज्ञ आणि त्याच्या मंडळींनी १९४० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ओहायो राज्यातल्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, सहाशे माणसांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा गाठलं. मत कोणाला, रूझवेल्ट की विल्की? त्यांना वाटलं होतं रेडिओ आणि पेपर मतं फिरवतील. निघालं भलतंच, लोक ओळखीच्या माणसांचं ऐकत होते. इथपर्यंत तू वाचलंयस. पण एवढ्यावर थांबू नकोस. पुढच्या लोकांनी विचारलं की पायऱ्या दोनच कशावरून? तू आधी हे शोध की अक्काला कोणी सांगितलं. ती टीव्ही बघते का? अंगणवाडीच्या बाईकडून कळलं? कार्यकर्त्याकडून? आणि तिनं काय सांगितलं नाही? कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरच्या ताटात कुठलं अन्न येतं याचा अभ्यास केला, तेव्हा त्याला दिसलं की दारात एक जण उभा असतो, काय आत येईल ते तो ठरवतो. गेटकीपर हा शब्द तिथून आला, बातम्यांना नंतर लागला. तुझी अक्का निरोप्या आहे की दरवान, हे तुला ब्रँचवर जाऊनच कळेल. हेच दोन पानांत लिहून काढ. मुलाखत असलेल्या ठिकाणी "तुम्हाला हा विषय का?" विचारतात, तेव्हा बाकीचे "मला लहानपणापासून मीडियाची आवड" सांगत असतात.

सात_रस्ता

वरच्या दादांनी हैदराबादचं सांगितलं, मी केगावचं सांगते. आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात मास कम्युनिकेशनचा विभाग आहे. घर सुटत नसेल तर तो आधी बघ. पुणे रोडची बस पकडायची, झालं. माझं एम.ए. तिथलं. वर्गात मराठीत बोलता येतं हा मोठा आधार, पण वाचायचं ते इंग्रजीतच असतं, त्यातून सुटका नाही. नोकरी सोडताच येत नसेल तर इग्नूचं पत्रकारिता आणि जनसंज्ञापनाचं एम.ए. आहे, घरून होतं. त्यात एकटीनं बसून वाचायचा चिवटपणा मात्र लागतो.

एक गोष्ट राहिली. पुढे शिकवायचं किंवा पीएच.डी. करायची मनात असेल तर नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, एम.ए.चे ५५ टक्के लागतात, राखीवला ५०. नेटच्या यादीत आपला विषय क्रमांक ६३. बी.कॉम.चे ५२ तिथं कोणी विचारत नाही. माझे बी.ए.चे ४९ होते, मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी दोन वर्षं रडले नसते.

घरी सांगताना "एम.ए. करते" एवढंच सांग. "कम्युनिकेशन थिअरी" म्हटलं की मामा लोक मोबाईल कंपनीत नोकरी का असं विचारतात.

धोट्याची_पोर

सगळ्यांचे आभार. नवीपेठवाल्या दादा, रागावले नाही, यात्रेत भेटू.

तिन्ही वर्षांचे मिळून काढले. ५०.८. टीवायचेच ५२ होते. गच्चीबावली दादा, तुम्ही बोललात म्हणून मार्कलिस्ट उघडल्या आणि अजून एक कळलं. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनावात इंग्रजी डबल एल आहे, पदवीवर एकच. आमची तेलुगू आडनावं, ज्या क्लार्कनं जशी ऐकली तशी लिहिली. कॉलेजात विचारायला गेले तर म्हणाले, सहा वर्षं काय करत होता? आता प्रतिज्ञापत्र की गॅझेट, वकिलाला विचारलंय.

आणि रविवारी अक्काकडे गेले. ती पाला भिजवत बसली होती. विचारलं, रेशनकार्डाचं तुला कोणी सांगितलं? म्हणाली, जावयानं, तो झेरॉक्सच्या दुकानात बसतो, तिथं फॉर्मची गर्दी होती. मग म्हटलं, टीव्हीवर पण आलं होतं ना? म्हणाली, "आलं होतं की. पण मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. टीव्हीचं सांगून उद्या खोटं निघालं तर बायका मला धरतील, टीव्हीला थोडंच धरणार? जावयानं कार्ड लावून चार फॉर्म भरले, तेव्हा बोलले."

मग तिनं विचारलं, हे सगळं वहीत कशाला लिहितीस. सांगितलं, शिकायचंय, दोन वर्षांचं आहे. म्हणाली, "आम्ही काय बोलतो ते शिकायला दोन वर्षं?" आणि माझ्या हातात सूप दिलं. सहा विड्या वळल्या. चार छाटमध्ये, म्हणजे नापासात, गेल्या.

सीयूईटीचा फॉर्म सुटला की भरते, केगावचाही भरते. दादा, ती अग्रलेखाची वही मराठीत चार ओळी म्हणालात, आज पहिला केला तर अकरा ओळी झाल्या. कमी कशा करू?

गच्चीबावली_रिटर्न

अक्काला वाचून दाखव. ती जिथं जांभई देईल ते खोड.