पहिला काटा दांडीचाच घ्या

दागिने मोजायचा ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा घरी काडतुसं भरायला (रिकाम्या काडतुसात पावडर आणि गोळी बसवायला) चालेल का, असं एकाने विचारलंय. माझ्या मते नको. पावडर म्हणजे बंदुकीची दारू ग्रेनमध्ये मोजतात, ७००० ग्रेनचा एक पौंड. ०.०१ ग्रॅम म्हणजे साधारण ०.१५ ग्रेन, आणि आपल्याला निदान ०.१ ग्रेनपर्यंत कळायला हवं. पिस्तुलाच्या ९ मिमी काडतुसात पावडर असते बहुधा चार-सहा ग्रेन. रायफलला एवढा फरक कदाचित खपून जाईल, इथे नाही.

(ग्रेन आपल्याला तसा परका नाही. ब्रिटिशांनी १८३३ मध्ये तोळा बरोबर १८० ग्रेनचा ठरवला होता.)

मी टेक्सासात गॅरेजमध्ये भरतो. सुरुवातीला स्वस्तातला डिजिटल घेतला. एकदा रिकामं पारडं ठेवून शून्य केलं, पाच मिनिटांनी बघतो तर उणे ०.३! डोक्यावर एसीचा झोत. आपला सोनार वजन करताना पंखा का बंद करतो ते तेव्हा कळलं. शिवाय डिजिटल काटा आधी तापू द्यावा लागतो, आणि चिमटी-चिमटीने पावडर टाकली तर काही काटे ती वाढ टिपतच नाहीत.

दांडीच्या काट्याला (दांडीवरचं वजन सरकवून मोजायचा तो) बॅटरी नाही, तापणं नाही. वेळ लागतो खरा, पण नवख्याने घाई करायचीच कशाला? झोत मात्र त्यालाही बाधतो. टेबल सपाट हवं, आकडा डोळ्यांच्या रेषेत.

काटा कुठलाही घ्या, सोबत प्रमाणित वजनं घ्याच. भरणार असाल त्याच्या आसपासचं वजन ठेवून तपासा, सुरुवातीला आणि उठतानाही.