पत्र्याच्या शाळेत पॉडकास्ट: माईक कुठला घ्यावा?

सड्यावरचा_मास्तर
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात माध्यमिक शाळेवर भूगोल शिकवतो. नववी-दहावीच्या मुलांसाठी दर शनिवारी दहा-बारा मिनिटांचा ऑडिओ भाग काढतो. मुलं तो संध्याकाळी बापाच्या फोनवर ऐकतात. इअरफोन वगैरे नाही, थेट स्पीकरवर, तेही गोठ्यात दूध काढणं चालू असताना. मागचा भाग जांभ्यावर होता. चिरेखाणीवरच्या एका मुकादमाला वर्गात बसवून बोलतं केलं. माणूस बोलला झकास, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा. फोन बाकावर मध्ये ठेवला होता.

सहा हजार खिशातून घालणार आहे. (शाळेकडे मागितले तर ठराव, तीन कोटेशनं आणि पुढचं शैक्षणिक वर्ष.) यूट्यूबवर जो तो यूएसबी कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा माईक) घ्या म्हणतो. घेऊ का? गॅदरिंगचा अहुजाचा माईक कपाटात पडून आहे, मोठ्या पिनचा. तो कामाला लावता येईल? वर्गावर पत्रा आहे. आणि पुढचा भाग कशेळीच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) कोरलेल्या कातळशिल्पातल्या हत्तीवर करायचाय, तिथे वारा म्हणजे विचारू नका.

हेडफोन_गळ्यात
सर, डोळे झाकून कंडेन्सर घ्या. मी ठाण्यात बेडरूममध्ये ब्लू यती वापरतो, आवाज एकदम रेडिओ. बजेट थोडं ताणावं लागेल.

रेकॉर्डिंगवाल्या_काकू
ताणू नका हो मास्तर. ह्यांच्या बेडरूममध्ये गादी आहे, पडदे आहेत, कपड्यांनी भरलेलं कपाट आहे, म्हणून तो कंडेन्सर शहाण्यासारखा वागतो. तुमच्या वर्गात तोच माईक पत्र्यावर बसलेली चिमणीसुद्धा टिपेल. माझी उमर डबिंग स्टुडिओत गेली. लोक माईकच्या किमतीवर भांडतात आणि खोलीकडे कुणी बघत नाही.

मुकादमाचा आवाज बिघडला तो फोनमुळे नाही, अंतरामुळे. माईक दोन फुटांवरून एका फुटावर आणा, थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. भिंतींवरून परत येणारा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. सगळी गंमत ह्या एका गोष्टीत आहे. त्यात मुलं घरी गेल्यावर वर्ग आणखी घुमतो, कारण आवाज शोषणारी चाळीस अंगं आणि दप्तरं निघून गेलेली असतात. वर्ग सोडा. घरी माजघर असेल, भाताची पोती रचलेली असतील, तिथे बसा. समोरच्या दोरीवर दोन गोधड्या टाका आणि एक टाळी वाजवून बघा. टाळीला शेपूट राहिली नाही की खोली तयार. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायचा उद्योग करू नका, त्याने काही होत नाही.

घ्यायचाच तर कॉलर माईक घ्या. बोयाचा बीवाय-एम१ तुमच्या बजेटमध्ये आरामात बसतो, वायर ६ मीटर आहे. डबीवरचं बटण फोनच्या बाजूला ठेवा. कॅमेऱ्याच्या बाजूला राहिलं तर आतला बटण-सेल उतरत जातो. माईक हनुवटीखाली एक वीत, आणि उपरण्याला-ओढणीला घासणार नाही असा. नुसत्या टाइप-सी फोनला अडॅप्टर लागेल आणि सगळे अडॅप्टर माईक चालवत नाहीत, तेव्हा दुकानातच रेकॉर्ड करून ऐका.

अहुजाला हिणवू नका. गॅदरिंगचे माईक बहुतेक डायनॅमिक असतात. तोंडाजवळचं घेतात, लांबचं सोडून देतात, म्हणजे तुम्हाला हवं तेच. पण त्याचा सिग्नल अगदी बारीक, फोनला सरळ लावून उपयोग नाही. मध्ये ऑडिओ इंटरफेस लागतो, म्हणजे सिग्नल वाढवून कॉम्प्युटरला देणारा बेहरिंगरच्या यूएम२ सारखा छोटा डबा, आणि शाळेचा कॉम्प्युटर. केबल मात्र तीन पिनांची, एक्सएलआर घ्या. मोठी पिन त्या डब्यात लाइन इनपुटला (मोठ्या सिग्नलसाठीच्या तोंडाला) जाते आणि आवाज मरतो. डब्यावरचं ४८ व्होल्टचं बटण बंद, ते कंडेन्सरला वीज द्यायला असतं.

पत्र्यावरच्या पावसावर कुठल्याही कंपनीकडे औषध नाही. जून-जुलैचे भाग मे महिन्यातच करून ठेवा.

वाशीमची_ताई
मी सातवीला विज्ञान शिकवते, माझीही मुलं अशीच ऐकतात. फोनचा स्पीकर बहुतेक एकच, तेव्हा स्टिरिओचा हट्ट सोडा. एमपी३, मोनो, ६४ केबीपीएस ठेवलं की दहा मिनिटं ४.८ एमबीत बसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवते. आणि मुलांचे आवाज घेणार असाल तर पालकांना आधी सांगा. आमच्याकडे एका आजोबांनी त्यावरून हेडसरांना गाठलं होतं.

सड्यावरचा_मास्तर
काकू, कॉलर माईक आणला, माजघरात बसलो. आईने दोनच अटी घातल्या: मिक्सर लावायच्या आधी आटपायचं, आणि गोधड्या नंतर उन्हात टाकायच्या. विहीर गेली! पण माझा आवाज बारीक येतोय. वाढवला तर मागे सूं ऐकू येतं. ऑडॅसिटी ह्या संपादनाच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन (सूं कमी करायची सोय) पूर्ण ओढलं तर मी पाण्याखालून बोलतोय.

रेकॉर्डिंगवाल्या_काकू
पूर्ण ओढायचं नसतं ते. ६ ते ९ डेसिबलवर थांबा, थोडी सूं राहू द्या, गोठ्यात कुणाला कळणार आहे? रेकॉर्ड करतानाच सर्वात मोठा शब्द उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल असं बघा. संपादन झालं की लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळ्या भागाचा जोर एका पातळीवर आणणं, मोनोला उणे १९ एलयूएफएस (जोर मोजायचं एकक). त्याआधी ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. बापाच्या फोनवर ते ऐकूच येत नाही, उगाच जागा खातं.

कशेळीला जाताना केसाळ टोपी न्या, माईकवर चढवायची लव असलेली. नुसता फोम सड्यावर पुरत नाही. सकाळी लवकर जा. ऊन चढल्यावर खारा वारा का सुटतो हे तुम्ही दहावीला शिकवता, मी काय सांगू. आणि कुणीही न बोलता एक मिनिट नुसता सडा रेकॉर्ड करा. पुढे वाक्यं कापाल तिथे खाली तोच भरायचा, नाहीतर दर कापाला कानात खड्डा पडतो.

सड्यावरचा_मास्तर
कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी तो हत्ती अजून पाहिलेला नाही. रविवारी सकाळी सातला निघतो. केसाळ टोपी राजापुरात मिळायची नाही, मागवली तर रविवारपर्यंत येत नाही. बायकोच्या जुन्या स्वेटरच्या कॉलरला लव आहे, ती कापून चालेल का?

रेकॉर्डिंगवाल्या_काकू
चालेल. आधी तिला विचारा.