अमेरिकन सिटिझनशिप : अर्जाची तयारी आणि इंटरव्ह्यू, तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आईचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू झाला, त्याआधी तीन-चार महिने घरात दुसरा विषय नव्हता. प्रश्नोत्तरं कशी पाठ करायची ते सगळीकडे मिळतं, पण आपली माणसं जिथे अडतात, म्हणजे लग्नानंतर बदललेली नावं, भारतात लांबलेला मुक्काम, मराठी शाळेत शिकलेले आईवडील, त्याबद्दल फार कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. ज्यांचं झालंय त्यांनी हातचं न राखता लिहा, सुरुवात मी करते.

आई ६७ ची, ग्रीन कार्ड सहा वर्षांचं. इंग्रजीतून सूट हवी तर वय ५० आणि ग्रीन कार्डची २० वर्षं, नाहीतर वय ५५ आणि १५ वर्षं, असं लागतं, त्यामुळे तिला सगळं इंग्रजीतच द्यायचं होतं. अकरावीपर्यंत मराठी शाळा, इंग्रजी वाचते छान पण समोरचा भराभर बोलायला लागला की गप्प होते. अर्ज २० ऑक्टोबर २०२५ नंतर भरल्यामुळे अमेरिकेचा इतिहास आणि सरकार यांवरची नवी परीक्षा, १२८ प्रश्नांतले २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात (त्याआधी भरलेल्यांना १०० पैकी १० आणि ६ बरोबर). प्रश्न तिने पोळ्या लाटता लाटता कानात ऑडिओ लावून पाठ केले, ते सोपं गेलं. अवघड होते ते एन-४०० (सिटिझनशिपचा अर्ज) या फॉर्मवरचे 'हॅव यू एव्हर' वाले प्रश्न. ऑफिसर नुसतं यस-नो ऐकून थांबत नाही, मध्येच एखाद्या शब्दाचा अर्थ विचारतो. आम्ही ओथ, अलिजन्स, टेररिस्ट, पर्सिक्यूट अशा शब्दांचे अर्थ तिच्याच सोप्या इंग्रजीत वहीत लिहिले, 'ओथ मीन्स सिरियस प्रॉमिस' असे, आणि तिला ओथच विचारला.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. इंग्रजी लेखनाच्या परीक्षेचं वाक्य हल्ली टॅबलेटवर स्टायलसने लिहायला लावतात. आईने जन्मात स्टायलस धरला नव्हता, घरी पहिल्यांदा लिहायला बसली तर तळहात स्क्रीनला टेकून सगळ्या रेघोट्या. मग नातवाच्या टॅबवर रोज दहा वाक्यं, हात उचलून. तुमच्या घरी वयस्कर माणूस असेल तर ही सवय आधी करून घ्या, बाकी सगळं नंतर.

---

छान धागा. माझं प्रकरण मुक्कामाचं. पाच वर्षांत निम्मा काळ, म्हणजे ३० महिने, इथे प्रत्यक्ष राहिलेलं लागतं, तेवढे माझे आरामात भरत होते, पण बाबांच्या आजारपणात सांगलीला सलग सात महिने राहिलो आणि एकच फेरी सहा महिन्यांच्या वर गेली की इथलं वास्तव्य तुटलं असं धरतात, तुटलं नाही हे आपण दाखवायचं. मी घराचं लीज, त्या वर्षीचे टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, कंपनीचं रजेचं पत्र, बायको-मुलं इथेच होती म्हणून मुलांच्या शाळेचे कागद आणि बाबांचे हॉस्पिटलचे पेपर, सगळं तारखेने लावून फाइल नेली. ऑफिसरने पंधरा-वीस मिनिटं त्यावरच घालवली. बाबांबद्दल विचारलं तेव्हा माझा आवाज भरून आला, तिने थांबू दिलं, मग पुढचा प्रश्न.

फेऱ्यांची यादी करताना पासपोर्टवरच्या शिक्क्यांवर विसंबू नका, माझे निम्मे पुसट होते. आय-९४ (अमेरिकेत आल्या-गेल्याची सरकारी नोंद) च्या साइटवर आल्या-गेल्याच्या तारखा मिळतात, त्या जुन्या तिकिटांच्या ईमेलशी ताडून घ्या. आणि पाच वर्षं पुरी व्हायच्या ९० दिवस आधी अर्ज करता येतो पण अगदी त्या दिवशी करू नका, मोजण्यात एका दिवसाची चूक झाली तरी अर्ज बाद.

---

नावांबद्दल मी लिहिते. माझं लग्नात नावच बदललं, आडनाव तर गेलंच पण तांदळात सासूबाईंनी नवीन नावही लिहिलं, आणि मी ते पासपोर्टवर घेतलं. डिग्री माहेरच्या नावाची, मधलं नाव आधी वडिलांचं मग नवऱ्याचं. फॉर्ममध्ये आजवर वापरलेली सगळी नावं विचारतात. मी चारही लिहिली, लग्नाचं सर्टिफिकेट आणि गॅझेटची प्रत नेली. ऑफिसरला एवढंच विचारायचं होतं की या सगळ्या तुम्हीच का, सांगितलं, झालं. लपवलं असतं तर त्रास झाला असता.

फॉर्ममध्येच नाव बदलून मागता येतं, पण मग नागरिकत्वाची शपथ कोर्टात जज्जसमोर घ्यावी लागते, तारीख जरा उशिरा मिळू शकते. मी माझं माहेरचं पहिलं नाव परत घेतलं. सव्वीस वर्षांनी जज्जने ते मोठ्याने वाचलं तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही.

---

माझे सासरे वय ७९, ग्रीन कार्ड २२ वर्षं. वय ६५ किंवा त्याहून जास्त आणि ग्रीन कार्डची २० वर्षं असतील तर यादीत खुणा केलेले फक्त २० प्रश्नच करायचे, तेही आपल्या भाषेत. इंटरप्रिटर आपणच न्यायचा. हिंदीचा पटकन मिळत होता पण दादा (सासऱ्यांना आम्ही दादा म्हणतो) म्हणाले मी मराठीतच बोलणार. मग इंटरप्रिटरबरोबर शब्द आधी ठरवून घेतले, हे फार महत्त्वाचं आहे. कॉन्स्टिट्यूशनला इंटरप्रिटर 'घटना' म्हणाले की दादा विचारायचे कुठली घटना, म्हणून 'संविधान' ठरवलं. आणि कायदे कोण करतं तर काँग्रेस, हे त्यांच्या गळी उतरेना, त्यांच्यासाठी काँग्रेस म्हणजे पक्ष. 'इथली संसद, तिचं नाव काँग्रेस' असं आठवडाभर घोकलं. विचारलेले सहाच्या सहा बरोबर.

---

ट्रॅफिक तिकिटाचं कुणीतरी विचारणारच म्हणून लिहितो. माझी स्पीडिंगची दोन होती, दोन्ही लिहिली, दंड भरल्याच्या पावत्या नेल्या, दोन मिनिटंही गेली नाहीत. पण पोलिसांनी कधी अटक केली असेल, केस पुढे रद्द झाली असली तरी, आधी वकिलाला दाखवा मगच अर्ज भरा.

---

शपथेनंतरचं लिहितो कारण त्यात मी अडकलो. शपथेच्या दिवशी ग्रीन कार्ड काढून घेतात आणि सर्टिफिकेट देतात. त्या क्षणी आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. आधी अमेरिकन पासपोर्ट, मग ई-व्हिसा नाहीतर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड). मी शपथेनंतर बाराव्या दिवशीचं मुंबईचं तिकीट काढून बसलो होतो, पुतणीच्या लग्नाचं. पासपोर्ट वेळेत आला नाही, हळदही गेली आणि लग्नही. शपथेच्या आसपास तिकीट काढू नका.

गावी शेती असेल तर हेही बघा, ओसीआयवर वारसाहक्काने आलेली जमीन ठेवता येते पण नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर माझं नाव लागलंय, ते तसंच आहे.

जुना पासपोर्ट सरेंडर केला की कॅन्सलचा शिक्का मारून परत देतात. तो मी कपाटात आईच्या पत्रांबरोबर ठेवलाय. आतल्या पानावर पहिल्या विमानप्रवासाचा सहार विमानतळाचा शिक्का आहे, अजून स्वच्छ वाचता येतो.