लोक ५८ ने जातात, म्हणून ३० ची पाटी नाही?

पाळणाघरवाली
मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मी पाळणाघर चालवते. दारासमोरच्या रस्त्यावर ५० ची पाटी आहे. ती ३० करा म्हणून पालकांच्या सह्यांसकट अर्ज दिला. दोन माणसं आली, रस्त्यावर काळ्या रबरी नळ्या आडव्या ठोकल्या आणि आठवड्याने काढून नेल्या. आता उत्तर आलंय: ८५ टक्के वाहनांचा वेग ५८ किंवा त्याहून कमी, सबब ३० करणे योग्य नाही. म्हणजे चोराला विचारून कुलूप घ्यायचं?

नळीवाला (निवृत्त)
ताई, त्या नळ्या ठोकण्यात माझी अर्धी नोकरी गेली. चाक पहिल्या नळीवरून दुसरीवर जायला किती वेळ लागला, यावरून नळ्यांना जोडलेली मोजणीची पेटी वेग काढते. शंभर गाड्या हळू ते जोरात अशा क्रमाने लावल्या, तर ८५ व्या गाडीचा वेग तो तुमचा ५८. यामागचा विचार असा की बहुतेक चालक शहाणे असतात, आणि निम्म्याहून जास्त लोक गुन्हेगार ठरतील अशी पाटी कोणी पाळत नाही. सगळे साधारण एकाच वेगाने गेले तर टकरी कमी होतात, असंही म्हणतात. त्याला अमेरिकेतल्या १९६४ च्या एका अभ्यासाचा आधार देतात. पण तो होता गावाबाहेरच्या हमरस्त्यांचा. तिथे मूल चेंडूमागे धावत येत नाही. नळीला गाडी कळते, रस्त्याकडेला हात धरून उभं असलेलं पोर कळत नाही.

आणखी एक खोड आहे. मर्यादा वाढवली की लोक थोडे आणखी जोरात जातात. पुन्हा मोजा, पुन्हा वाढवा. म्हणून ब्रिटनमध्ये २००६ पासून स्थानिक मर्यादा ठरवताना सरासरी वेग बघतात. वेल्सने तर २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांची मूळ मर्यादाच ताशी २० मैलांवर, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरवर आणली. तिथे ३० मैल ठेवायचे असतील तर कारण द्यावं लागतं. तुम्ही ३० मागताना तुम्हाला कारण द्यावं लागलं. सगळी मेख तिथेच आहे.

ब्रेकवरपाय
सगळे चालकांवरच घसरतात! रस्ता रुंद, सरळ, मोकळा करून ठेवायचा आणि पाटी ३० ची. पाय आपोआप दाबला जातो हो. शिवाय ३० आणि ५० मध्ये असा काय जगावेगळा फरक?

नळीवाला (निवृत्त)
फरक ऐका. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक, आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा. ३० ने जाणारी गाडी १३-१४ मीटरमध्ये उभी राहते. ५० वाली त्या एका सेकंदातच १४ मीटर जाते. म्हणजे पहिली जिथे थांबली, तिथे दुसरीचा ब्रेक नुकताच लागायला लागलेला असतो.

रुंदीचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं. नुसती पाटी बदलली तर वेग अगदी थोडा उतरतो, ताशी एखाद-दोन मैल. म्हणून ब्रिटनचं मार्गदर्शन सांगतं की सरासरी आधीच २४ मैलांच्या आत असेल तरच नुसत्या पाटीने २० लावा, नाहीतर रस्ता बदला. ताई, अर्ज पाटीचा नको. उंचावलेला क्रॉसिंग आणि गेटपाशी अरुंद केलेला रस्ता मागा. सोबत मोजणीचा पूर्ण तक्ता मागा: तारखा, तासवार आकडे, सरासरी, आणि नळ्या नेमक्या कुठे होत्या.

पाळणाघरवाली
तक्ता मागवते. पण नळ्यांची जागा आत्ताच बघून आले, खिळ्यांची भोकं डांबरात तशीच आहेत. गेटपासून एकशे दहा पावलं. आणि तो आठवडा पाळणाघराच्या सुट्टीचा होता!

नळीवाला (निवृत्त)
एकशे दहा पावलांत लबाडी नाही. मोकळा वेग कळावा म्हणून आम्ही वळण आणि चौक टाळूनच नळ्या लावायचो. सुट्टीचं मात्र अक्षम्य. सुट्टीच्या आठवड्यातली मोजणी आमचे साहेब फाडून टाकायचे. फेरमोजणी मागा, आणि नळ्यांची दुसरी जोडी गेटसमोर, मुलं येण्या-जाण्याच्या वेळेला.