सभागृहावरच हल्ला झाला तर चौकशी आमदार-खासदारांनीच करायची का? (वादविवाद स्पर्धेसाठी मुद्दे हवेत)

काजूबाग_लांजा

मंडळी, जरा मदत करा. आमच्याकडच्या वाचनालयाची वादविवाद स्पर्धा आहे आणि विषय दिलाय "सरकारवर झालेल्या राजकीय हिंसेची चौकशी लोकप्रतिनिधींनीच करावी". चिठ्ठी काढली तर मला बाजूने बोलायचं आलं. गंमत अशी की मला स्वतःलाच ते पटत नाहीये.

म्हणजे बघा, अमेरिकेत ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटलमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेत, ट्रम्प यांचे समर्थक घुसले, आत निवडणुकीच्या निकालावर शिक्कामोर्तब चाललेलं ते थांबलं, खासदारांना गॅस मास्क हातात देऊन बाहेर काढावं लागलं. आणि नंतर त्याच सभागृहातल्या नऊ जणांची समिती बसली चौकशीला. ज्याच्या घरावर दगड पडला तोच पंच? पोलीस आहेत, कोर्ट आहे, मग ह्यांनी मध्ये कशाला पडायचं? घरी विषय काढला तर बाबा म्हणाले चौकशी समिती म्हणजे रेस्ट हाऊसवर कोंबडी-वड्याची सोय, बाकी काय नाय. आता परीक्षकांसमोर हे तर बोलू शकत नाही ना. बाजूने बोलण्यासारखं खरंच काही आहे का? असेल तर सांगा प्लीज, नसेल तरी सांगा.

निवृत्त_नाझर

बाळा, आहे बरंच आहे. मी जन्मभर कोर्टाच्या कचेरीत काढलाय म्हणून तिकडूनच सुरुवात करतो. कोर्टापुढे येतो तो आरोपी. ह्याने काच फोडली का, त्याने पोलिसाला काठी मारली का, पुरावा काय, संपलं. पोलीस कमी का होते, आदल्या दिवशी इशारे आलेले ते कोणाच्या टेबलावर पडून राहिले, वरून कोणी काय सांगितलं किंवा मुद्दाम काय नाही सांगितलं, हे प्रश्न कोर्टात आलेच तर बाजूबाजूने येतात, निकालाचा विषय तो नसतोच. कोर्टाचा दोष नाही, कोर्टाचं कामच ते नव्हे.

तुझ्या अमेरिकेचंच घे. घुसलेल्या माणसांवर खटले वेगळे चालले, दीड हजाराच्या वर लोक होते. समितीने काय काढलं? ट्रम्प यांचं भाषण संपल्यापासून "आता घरी जा" असा व्हिडिओ टाकेपर्यंत १८७ मिनिटं गेली, त्या १८७ मिनिटांत राष्ट्राध्यक्ष काय करत होते, कोणाचा फोन आला, कोणी विनवण्या केल्या, टीव्ही चालू होता की नाही. काच फोडणाऱ्याच्या खटल्यात हे कशाला येतंय. हजारावर साक्षी घेतल्या, आणि जास्त बोलले ते त्यांच्याच पक्षाचे, त्यांच्याच ऑफिसातले लोक. व्हाइट हाऊसमधली पंचविशीतली एक कर्मचारी शपथेवर बसून बोलली आणि सगळ्या देशाने ते लाइव्ह बघितलं.

आणि पंचाचं म्हणशील तर समिती शिक्षा देत नाही रे. फार तर शिफारस करते. शिक्षा द्यायला लागली तर तुझा आक्षेप शंभर टक्के बरोबर. पण सभागृहात घुसून सभागृहाचं काम बंद पाडलं, तर सभागृहाने स्वतःच्या दप्तरात ते नीट लिहून तरी ठेवायचं की नाही?

मुचकुंदी

नाझरकाका, तुम्ही जे सांगता ते पुस्तकात छान दिसतं. ती समिती बनली कशी ते पण सांगा की ह्या मुलाला, समोरचा नेमकं तेच काढणार.

आधी ठरलं होतं स्वतंत्र आयोग नेमायचा, दहा माणसं, पाच ह्यांची पाच त्यांची, कोणी आजी खासदार नको. हाउसमध्ये, म्हणजे त्यांच्या खालच्या सभागृहात, मे २०२१ ला २५२ विरुद्ध १७५ ने पासही झालं, रिपब्लिकन पक्षाचे ३५ जण बाजूने गेले. सिनेटमध्ये ५४-३५ झालं, पण तिथे ६० लागतात, आपटलं. मग बहुमतवाल्या डेमोक्रॅटांनी हाउसची स्वतःचीच सिलेक्ट कमिटी केली. विरोधकांनी दिलेल्या नावांतली दोन नावं सभापतीबाईंनी नाकारली, रागाने विरोधकांनी सगळीच मागे घेतली. उरले कोण, तर आपल्याच पक्षाशी भांडलेले दोन रिपब्लिकन, चेनी आणि किंझिंगर. समोर बसून उलटतपासणी घेणारा एक माणूस नाही. मग अर्ध्या देशाने ठरवलंच की हा तमाशा आहे. प्रेझेंटेशन बसवायला तर एबीसी न्यूजचा माजी प्रमुख आणलेला, म्हणजे बघा.

आणि हाती काय लागलं? ८४५ पानांचा रिपोर्ट, चेनीबाईंची सीट गेली, २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प परत आले आणि पहिल्याच दिवशी दीड हजार लोकांना माफी. त्याच दिवशी जाता जाता बायडन यांनी समितीच्या सदस्यांना आधीच माफी देऊन ठेवलेली, म्हणजे चौकशी करणाऱ्यांनाच खटल्याची भीती! काजूबाग तू विरोधात बोलणार असतास तर मी तुला अख्खं भाषण लिहून दिलं असतं.

आपल्याकडचं बोलायचं तर श्रीकृष्ण आयोग आठवा. मुंबईच्या दंगलीवर जानेवारी १९९३ ला नेमला, सरकार बदललं, जानेवारी १९९६ ला गुंडाळला, केंद्रात तेरा दिवसांचं वाजपेयी सरकार आलं त्यांनी सांगितल्यावर मे महिन्यात परत चालू केला. न्यायमूर्ती असताना ही तऱ्हा. आमदारांची समिती असती तर पहिल्या अधिवेशनात विरघळली असती.

रापणवाला

अमेरिका ऱ्हवांदे, आमच्या गावचा सांगतंय. वाळू काढण्यावरना खाडीत भांडाण झाला, आणि रातीचे लोक ग्रामपंचायतीत घुसले. दार मोडल्यानी, कपाट उपडा केल्यानी, घरपट्टीची रजिस्टरां खळ्यात टाकून तेच्यार पाणी ओतल्यानी. सकाळी आमी बघूक गेलव तर शिपाय एकेक पान सुटा करून गडग्यार दगड ठेवन सुकवत होतो. पंचनामो झालो, पोलीस इले, चार पोरांचा नाव घातल्यानी, पोरां सुटली.

मगे सरपंचान समिती नेमल्यान. कोण? तेचोच भाव, तेचोच उपसरपंच, आणि एक बाई जी सही करूच्या पलीकडे काय बोलाची नाय. समितीन काय विचारल्यान तर दार कोणी मोडला. अरे ता सगळ्या गावाक म्हायत होता! वाळयेचो ठराव ग्रामसभा न घेता कसो काय पास झालो, ता कोणी विचारूक नाय. जेच्यासाठी सगळा झाला ताच सोडून बाकी चौकशी. रिपोर्ट खय आसा इचारलास तर त्याच कपाटात, जा उपडा केलेला.

म्हणान माका नाझरांचा पटता आणि मुचकुंदीचा पण पटता, काय करूचा सांगा.

आडिवरेकर

रापणवाल्याने मुद्द्यावर हात ठेवला. चौकशीला प्रश्न कोणता दिलाय ह्याच्यावर सगळं. ब्रिटिशांच्या काळातलं एक देतो, परीक्षक खूश होतील आणि आपल्या जिल्ह्याचा संबंध पण आहे. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौदलाच्या 'तलवार' तळावर नौसैनिकांचं बंड सुरू झालं. त्या नौदलात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची पोरं भरपूर, महायुद्धाच्या आधी तर भरतीच मोठ्या प्रमाणात इकडची असायची. सरकारविरुद्ध हत्यार उचललेलं, सरळ कोर्ट मार्शल करून मोकळे झाले असते. पण चौकशी आयोग बसला, अध्यक्ष पाटणा हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश फझल अली. आणि त्यात निघालं काय तर निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्याची शिवीगाळ, पगार-बढतीत भेदभाव. "कोणी चिथावलं" एवढाच प्रश्न विचारला असता तर जेवणापर्यंत कोण गेलंच नसतं.

आता आपल्या दारातलं. एप्रिल २०११, जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाविरुद्धचं आंदोलन. साखरी नाट्याला जमाव पोलीस ठाण्यावर गेला, गोळीबार झाला, एक मच्छीमार गेला. दुसऱ्या दिवशी बंद आणि रत्नागिरीत जिल्हा रुग्णालयाची तोडफोड. आता सांगा ह्यात "सरकारवर हिंसा" कुठची आणि "सरकारची हिंसा" कुठची? ठाण्यावर चालून गेले ते गुन्हेगार म्हणून फाइल बंद करता येते, पण मग गोळी चालवायची वेळ का आली ते पण त्याच फाइलमध्ये बंद होतं. म्हणून मला विषयाच्या शब्दांबद्दलच शंका आहे. सरकारवर झालेली हिंसा असं नाव दिलं की अर्धी चौकशी आधीच करून झाली.

आणि मुचकुंदी, "हाती काय लागलं" म्हणता तर ब्राझील बघा. ८ जानेवारी २०२३, निवडणूक हरलेले माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो, त्यांचे समर्थक तिकडे तर काँग्रेस (म्हणजे संसद), सुप्रीम कोर्ट, राष्ट्राध्यक्षांचा वाडा तिन्ही ठिकाणी घुसले. गंमत म्हणजे संसदीय चौकशी मागितली बोल्सोनारोंच्याच बाजूने, त्यांना दाखवायचं होतं की नवे राष्ट्राध्यक्ष लुला यांच्या सरकारने मुद्दाम ढिलाई केली. लुलांना ती नकोच होती. पण एप्रिलमध्ये व्हिडिओ बाहेर आला, राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षेचा प्रमुख जनरल स्वतः त्या दिवशी वाड्यात घुसलेल्यांमध्ये फिरतोय, त्याला जावं लागलं आणि मग सरकार पण समितीला तयार झालं. दोन्ही सभागृहांची समिती बसली, ऑक्टोबरमध्ये २०-११ ने रिपोर्ट पास झाला आणि त्यात आरोपांची शिफारस कोणावर, तर बोल्सोनारोंवर! ज्यांनी मागितली त्यांच्याच गळ्यात. शिक्षा मात्र समितीने नाही दिली, ती सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने दिली, २७ वर्षं ३ महिने, आणि ती पोलिसांच्या तपासावर.

मुचकुंदी

झालं ना मग, पोलिसांच्या तपासावर. समितीशिवायही झालंच असतं. तिकडे पण बहुमत सरकारचं म्हणून रिपोर्ट तसा आला, उलटं असतं तर त्याच पुराव्यावर लुला दोषी निघाले असते. २०-११ हे मतदान आहे, सत्य काय मतदानाने ठरतं?

निवृत्त_नाझर

मतदानाने ठरत नाही, पण विरोधात गेलेल्या अकरा जणांना आपलं म्हणणं लेखी मांडता येतं. आपल्याकडे भिन्नमतपत्रिका म्हणतात तिला, आणि पुष्कळदा तीच वाचण्यासारखी असते. जालियनवाला बागेनंतर हंटर समिती नेमली, सरकारनेच सरकारची चौकशी. त्यातले तीन हिंदी सदस्य, सर चिमणलाल सेटलवाड वगैरे, त्यांनी गोऱ्या सदस्यांबरोबर सही न करता वेगळा अहवाल दिला. समितीच नसती तर ती पानं लिहायची कुठे?

आणि सत्ताधारी ह्याला किती घाबरतात ते बघ. इंदिराजींच्या हत्येवर ठक्कर आयोग बसला. चौकशी आयोग कायदा १९५२ चा, अहवाल आणि त्यावरची कार्यवाही सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवायची. १९८६ मध्ये कायदाच बदलला आणि अहवाल न मांडायची सोय करून घेतली. शेवटी इतकी बोंब झाली की १९८९ मध्ये मांडावाच लागला. काडीच्या कामाचा कागद असता तर लपवायला कायदा कोण बदलतंय?

संसदेत १३ डिसेंबर २०२३ ला दोघं गॅलरीतून उडी मारून पिवळा धूर सोडत गेले ते आठवतंय ना. आत शिरायचा पास एका खासदाराच्या शिफारशीवर निघालेला. गृहमंत्रालयाने सीआरपीएफच्या महासंचालकांची समिती नेमली, पोलिसांनी यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लावला, ते ठीक. पण पास कसे दिले जातात, खासदार कोणाला ओळखून सही करतो, हे एखादा महासंचालक खासदाराला दरडावून विचारणार का? ते सभागृहानेच विचारायचं. विरोधकांनी गृहमंत्र्यांचं निवेदन मागितलं, गदारोळ झाला आणि त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित. म्हणजे प्रश्न विचारणारेच बाहेर.

काजूबाग_लांजा

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. रापणवाला, तुमची रजिस्टरं मी भाषणात घेतो हं, गावाचं नाव नाही घेत.

मी असं बोलायचं ठरवतोय की लोकप्रतिनिधींनी चौकशी करावी, पण तीन गोष्टी असतील तर. अध्यक्ष विरोधी पक्षाचा, जशी लोकसभेची लोकलेखा समिती १९६७ पासून विरोधकांकडे द्यायचा पायंडा आहे (हे सरांनी सांगितलं). सुनावणी उघड. आणि प्रश्न फक्त "कोणी केलं" नाही तर "कशामुळे झालं आणि कोणी होऊ दिलं" असा. चालेल का?

मुचकुंदी

पहिल्याच अटीवर तुला धरणार. विरोधी पक्षानेच हिंसा घडवली असा आरोप असेल तर अध्यक्ष त्यांचाच? लोकलेखा समिती सरकारने खर्च केलेला पैसा तपासते, तिथे विरोधक हा आरोपी नसतो. इथे असू शकतो. ह्याचं उत्तर तयार ठेव नाहीतर पाच मिनिटांत भुईसपाट.

निवृत्त_नाझर

बरोबर धरलंय तिने. मग अध्यक्षाचं सोड आणि समन्सचं बोल. समिती कोणाची का असेना, विरोधी सदस्यांनी मागितलेल्या ठराविक साक्षीदारांना बोलवावंच लागेल, एवढी अट घाल. आणि न येणाऱ्याला शिक्षा. अमेरिकेत ट्रम्प यांचा जुना सल्लागार बॅनन त्या समितीचं समन्स धुडकावून बसला, २०२४ मध्ये चार महिने तुरुंगात काढून आला. आपल्याकडे आयोगापुढे दिलेली साक्ष त्या साक्षीदारावरच खटल्यात वापरता येत नाही, खोटी असेल तर गोष्ट वेगळी. हे त्याच १९५२ च्या कायद्याचं कलम सहा, वाचून जा, समोरचा म्हणेल की समितीमुळे खटला बिघडतो तेव्हा उपयोगी पडेल.

रापणवाला

आणि बाबाक सांग, आमच्या समितीक कोंबडी-वडे पण गावाक नाय, नुसती चाय होती. स्पर्धा कधी आसा? आमी येतव ऐकूक.