मदत हवी आहे: बोरीच्या बारावरून डी अँड डीचा वन-शॉट (एका बैठकीत संपणारं साहस) करतोय, शिव्यांना नियम कसे लावू?

ओढ्याकाठचा_डीएम
साताऱ्यात आमचा डी अँड डीचा (फासे टाकत, पात्रं घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ) छोटा कंपू आहे, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मीच. सण आला की ड्रॅगनच्या गळ्यात हार घालून ‘दिवाळी स्पेशल’ म्हणायचं, याचा आता कंटाळा आलाय. यंदा नागपंचमीच्या सुमारास खेळायचं ठरलंय. आधी बत्तीस शिराळा डोक्यात होतं. गोरक्षनाथांनी मातीचा नाग पूजणाऱ्या बाईसमोर जिवंत नाग उभा केला, ही कथा म्हणजे तयार साहसच. पण आमचा बार्बेरियन (रांगडा लढवय्या झालेला खेळाडू) नाग दिसला की कुऱ्हाडच काढतो.

म्हणून बोरीचा बार. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मधे ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बाया वाजतगाजत काठावर येतात, हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात आणि घरी जातात.

माझ्या कथेत गावांची नावं वेगळी. ओढ्याच्या तळाशी काहीतरी झोपलंय आणि या कल्लोळामुळेच ते झोपून राहतं. यंदा नव्या पाटलाने ‘शोभत नाही’ म्हणून बार बंद केलाय. खेळाडूंनी तो परत भरवायचा.

अडलंय ते नियमांत. बार्डचा (गाण्या-बोलण्यातून जादू करणारं पात्र) व्हिशस मॉकरी, म्हणजे टोमण्याने घायाळ करणारा मंत्र, आयता हाताशी आहे: समोरच्याला ऐकू गेलं, त्याचा विस्डम सेव्ह (मंत्र झेलायला टाकायचा फासा) फसला, की २०१४ च्या नियमांनुसार १डी४, म्हणजे चार बाजूंच्या एका फाशावर पडेल तेवढा डॅमेज (इजा). पण त्याच नियमांत साध्या गावकऱ्याला हिट पॉइंट (एवढी इजा झाली की खेळ खलास) ४! म्हणजे फाशावर ४ पडले की एका झणझणीत शिवीत काकू जागीच गार. शिवाय डॅमेज आला की कुणीतरी हरणार, आणि बारात हार-जीत नसतेच. मग शेवट कसा करू? आणि त्या बायांची टिंगल झालेली मला नकोय.

कराडी_डी२०
डॅमेज काढूनच टाक. खेळाडू दोन काठांवर वाटून दे. प्रत्येक फेरीत दोन्ही काठांनी परफॉर्मन्सचा (सादरीकरणाच्या कौशल्याचा) फासा टाकायचा आणि बेरीज चढवत न्यायची. दोन्ही काठ ५० पार गेले की बार पुरा झाला. मधे कधीही फरक १० च्या वर गेला तर तळाशी जे आहे ते कूस बदलतं. म्हणजे जिंकणं हाच धोका! आपला काठ फार पुढे गेला की मुद्दाम मिळमिळीत शिवी द्यायची, नाहीतर समोरच्यांना उत्तर सुचेल अशी वाट करून द्यायची. आमच्याकडे असंच एक भजनी सामन्याचं साहस केलं होतं, भारी रंगलं.

पाटलाला मात्र खलनायक करू नकोस. त्याची आई बारातली नावाजलेली बाई असू दे.

माणदेशी_बार्ड
वरचं पटलं. माझं म्हणणं, खेळ आदल्या दिवशी सुरू कर. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, जमीन खणायची नाही. म्हणून तर दिंडं उकडतात. तोच गावचा कायदा ठेव. कुऱ्हाड, तलवार बंद. फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) म्हणजे तळणं की भाजणं, हा वाद टेबलावरच होऊ दे. तुझा बार्बेरियन आपोआप शहाणा होईल.

टिंगलीचं म्हणशील तर बायांना पटाईत दाखव. गावातली जुनी खोड खेळाडूंना शिवी शिकवते, त्यांची पहिली शिवी ऐकून नाक मुरडते. आणि खेळाआधी ठरवून घ्या: जात, रंग, वैधव्य यावर एक शब्द नाही. चूल, म्हैस, सून, कालवणातलं मीठ यावर हवं तेवढं. ‘तुझ्या चुलीत मांजर निजतंय गं टवळे’ एवढं पुरतं.

ओढ्याकाठचा_डीएम
दोघांचेही आभार. १० चा फरक आणि चिरण्याची बंदी, दोन्ही घेतो. एक राहिलं: आमच्यात एकजण बोलतच नाही, फासे टाकतो आणि गप्प बसतो. त्याला हलगी देऊ का? ठेका धरला की त्याच्या काठाला अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, असं काही?

माणदेशी_बार्ड
दे की. पण हलगी ओढ्याच्या मधोमध. कोणत्या काठासाठी वाजवायची ते दर फेरीला त्याने ठरवायचं.