ट्रॅक पँट: आधी कापड, मग पट्टे
दादा, मुंबईत सुती ट्रॅक पँटच बरी, हे तुमचं म्हणणं मे महिन्यापुरतं मान्य. जुलैत तीच पँट दोन-दोन दिवस दोरीवर ओली राहते, वर कुबट वास. आदिदासची तीन पट्ट्यांची जुन्या धाटणीची पँट पॉलिएस्टरच्या विणीची असते. रात्री पंख्याखाली टाकली की सकाळी तयार. (या कंपनीचा पहिला कपडाच मुळी १९६७ सालचा, फुटबॉलपटू बेकेनबाउअरच्या नावाचा ट्रॅकसूट!) घामाचा वास मात्र पॉलिएस्टर जास्त धरतं, तेव्हा रोज धुवा. आणि खिशाला चेन हवीच. दादरला लोकलमध्ये शिरताना माझा मोबाइल उघड्या खिशातूनच गेला. इस्त्रीच्या फंदात पडू नका, कापड चकाकतं.